त्वेरच्या व्यापाऱ्याचा पावसाळा

कुंडलिका नदी जेथे समुद्रास मिळते तेथे उत्तर तीरावर रेवदंडा आणि त्याच्या पाठीशी, नारळ-सुपारीच्या वाड्यांत दडलेले चौल, अशी जी दोन गावे आज एकमेकांत मिसळून गेलेली दिसतात, त्यांच्या भाग्यात एके काळी केवढे वैभव होते हे समजण्यास टॉलेमीच्या भूगोलातील सिमुल्ला अथवा अरबांच्या प्रवासवृत्तांतील सैमूर या नावांची ओळख असावी लागते. दहाव्या शतकाच्या आरंभी मसूदीने हे बंदर प्रत्यक्ष पाहिले, सोळाव्यात पोर्तुगिजांनी येथे वखार व किल्ला उभारला, आणि १७४० साली तो मराठ्यांच्या हाती आला. परंतु मी ज्या हेतूने ऐन आषाढात या किनाऱ्यावर गेलो तो या वैभवाचे अवशेष पाहण्याचा नव्हता. रशियातील व्होल्गेच्या काठी असलेल्या त्वेर नगरीचा अफनासी निकितिन हा व्यापारी पंधराव्या शतकात याच चौलच्या बंदरी उतरला, येथून पायी पालीस आणि पुढे घाट चढून जुन्नरास गेला, आणि त्या प्रवासात आयुष्यातला पहिला भारतीय पावसाळा त्याने अनुभवला. छत्री, डांबरी सडक, दिवा, दवा, ओळखीचे माणूस यांपैकी काहीही जवळ नसता, जन्मभर बर्फाच्या देशात वाढलेल्या त्या मनुष्याने तो काळ कसा काढला असेल, हा प्रश्न मला दीर्घकाळ अस्वस्थ करीत होता, आणि त्याचे उत्तर ग्रंथालयात बसून मिळण्यापेक्षा चौल ते पाली या वाटेवर पावसातच मिळण्याचा संभव अधिक, असे मला वाटले.

निकितिनच्या आगमनाचे वर्ष पूर्वीचे अभ्यासक १४६९ धरीत; अलीकडील काही संशोधक ते दोन वर्षे पुढे, १४७१ पर्यंत आणतात. वर्षाविषयी मतभेद असला तरी ऋतूविषयी तो उरत नाही, कारण ईस्टरनंतरच्या आठवड्यात होर्मुजहून घोड्यांनी भरलेल्या गलबतात बसून आपण निघालो आणि सहा आठवड्यांनी चौलास पोहोचलो, असे त्याने आपल्या वृत्तांतात नमूद करून ठेवले आहे. हा हिशोब मांडला की तो मे महिन्याच्या अखेरीस अथवा जूनच्या अगदी आरंभी येथे उतरला असे निघते. म्हणजेच अरबस्तानाकडून येणारी त्या हंगामाची शेवटची गलबते जेव्हा धापा टाकीत बंदरात शिरत आणि त्यानंतर दर्या बंद होई, नेमक्या त्या वेळी. आलेल्या वाटेने परत फिरण्याचा मार्ग त्याच्यापुढे उरला नव्हता; आता चार महिने जे काय करावयाचे ते या भूमीवरच करावयाचे होते.

आजही हा दर्या तसाच बंद होतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारीची सरकारी मनाई असते, आणि गेटवेहून मांडव्यास येणाऱ्या लाँचा मे अखेरीस थांबतात त्या श्रावण सरता सरता पुन्हा सुरू होतात; भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी मोठी रो-रो बोट तेवढी हवा पाहून चालते. मी पेणमार्गे एस.टी.ने अलिबागेस आलो आणि तेथून रेवदंड्यास गेलो. आगरकोटाच्या, म्हणजे रेवदंड्याच्या जुन्या पोर्तुगीज किल्ल्याच्या, तटावर उभे राहून पाहिले तर समोर कोर्लईचा डोंगर पावसाच्या पडद्याआड अर्धा पुसला गेलेला, खाडीचे पाणी गढूळ तांबडे झालेले, आणि होड्या काठावर ओढून झावळ्यांखाली झाकलेल्या, असा देखावा होता. गावात एका शाळेच्या आवारात निकितिनच्या स्मरणार्थ या शतकाच्या आरंभी उभारलेला काळ्या दगडाचा स्तंभ आहे. त्यावरून पाण्याचे ओघळ अखंड वाहत होते.

मी ज्या घरी उतरलो ते वाडीतले जुने कौलारू घर होते. घरच्या आजींनी ‘आगोटीची बेगमी’ मला मोठ्या आस्थेने दाखविली, आणि ती पाहताना माझ्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला धागा हाती आला. पावसाळ्यापूर्वी चार महिन्यांची तरतूद करून ठेवणे ही या किनाऱ्यावरची केवळ सवय नाही, ती एक पूर्ण शासनव्यवस्था आहे, आणि तिचे दप्तर घरातील स्त्रियांच्या मुखी असते. वैशाखात कौले चाळून घेतली जातात, फुटकी बदलतात. पडवीच्या पश्चिम अंगास झावळ्यांचे विणलेले झाप बांधले जातात, कारण येथला पाऊस आकाशातून जितका पडतो तितकाच समुद्रावरून आडवा येतो. माळ्यावर पांढऱ्या कांद्याच्या वेण्या आढ्याला टांगलेल्या होत्या. त्यांच्या खाली शेणाने सारवलेल्या कणगीत भात, मडक्यांत कडवे वाल आणि कुळीथ, एका डब्यात सोडे व सुका जवळा, दुसऱ्यात आमसुले, आणि एका कोपऱ्यात राखेत मिसळून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या. मिठाचे मडके चुलीच्या अगदी लगत होते, कारण या हवेत मीठ मोकळे ठेवले तर त्याचे पाणी होते. चुलीवरच्या वलणीवर ओले कपडे धुरावत होते. रात्री निजण्यापूर्वी आजींनी एक मोठा निखारा राखेत पुरला. “गॅस आहे हो घरात,” त्या म्हणाल्या, “पण सिलिंडर संपला नि साळावच्या पुलावर पाणी आलं, तर मग कुणाच्या तोंडाकडे बघायचं?” सकाळी राख बाजूस सारली तेव्हा तो निखारा लाल होता.

आता निकितिनकडे पाहावे. त्याच्यापाशी यांपैकी काहीच नव्हते. त्याची पुस्तके वाटेतच, अस्त्रखानजवळ तातारांनी लुटली होती. धर्माने तो सनातनी ख्रिस्ती, भाषा बाजारापुरती फारसी-तुर्की, आणि जवळ ऐवज म्हणावा असा एक घोडा, ज्याच्यावर शंभर रूबल खर्च झाल्याचे तो दुःखाने लिहितो. भारतात घोडे पैदा होत नाहीत, बैल व म्हशी होतात, म्हणून या जनावरास येथे मोठी किंमत येईल, हा त्याचा हिशोब बरोबर होता. परंतु ओल्या हवेत घोडा सांभाळणे म्हणजे काय हे त्यास ठाऊक असण्याचे कारण नव्हते. चौलात त्याला पहिल्या प्रथम जे आश्चर्य वाटले ते लोकांच्या वेषाचे: उघडी डोकी, उघडी अंगे, कमरेस एक वस्त्र, आणि आपल्या गौरवर्णाकडे पाहत मागोमाग चालणारी माणसांची झुंड. पुढे पावसाळ्यातील वेष सांगताना मात्र तो कमरेस एक, खांद्यावर एक आणि मस्तकावर एक अशी तीन वस्त्रे मोजतो. मला या नोंदीचे महत्त्व मोठे वाटते. दमट प्रदेशात जाड लोकरी अंगरखा एकदा भिजला म्हणजे आठवडाभर वाळत नाही आणि त्याच्या ओलीने त्वचेस व्याधी जडते. सुती वस्त्र मात्र चुलीच्या धगीवर घटकेत वाळते. ज्या वेषाला पाहुण्याने उतरताच दारिद्र्य समजले, तो वेष या हवामानाचा शतकानुशतके पारखलेला बंदोबस्त होता.

चौलच्या रामेश्वर मंदिरात गेलो तर तेथे सभामंडपात अग्निकुंड, वायुकुंड आणि पर्जन्यकुंड अशी तीन कुंडे आहेत, आणि पाऊस ओढ देई तेव्हा पर्जन्यकुंड उघडून अनुष्ठान करण्याची परंपरा गावकरी सांगतात. अलिबागेच्या परिसरात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. इतक्या पावसाच्या गावानेही पाऊस न येण्याची भीती मनात बाळगावी, हे प्रथमदर्शनी विलक्षण वाटते. पण भाताची रोपे तयार असता आठ दिवस उघडीप पडली तर खारेपाटातील शेतकऱ्याचा जीव कसा टांगणीला लागतो हे ज्याने पाहिले आहे त्यास ते कुंड पुरते समजेल.

रेवदंड्याहून मी रोह्यास गेलो. १६७४ साली मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन शिवराज्याभिषेकासाठी निघाला तोही चौलवरूनच आला, आणि कुंडलिकेतून वर अष्टमीपर्यंत, म्हणजे रोह्याच्या समोरच्या तीरापर्यंत, होडीने गेला. तो २२ मे रोजी रायगडावर चढला आणि मृगाच्या पावसात, जूनच्या मध्यास, तेथून परतला. गडावर त्या मंडळींची व्यवस्था चोख होती, पण रोजच्या खिचडी-लोण्याने त्यांचे समाधान होईना. त्यांच्यासाठी बकऱ्याच्या मांसाची तजवीज करण्यात आली तेव्हा त्याचा खप इतका झाला की आपले हे गिऱ्हाईक आहे तरी कोण, हे पाहण्यास म्हातारा खाटीक तो अवघड गड चढून आला, ही हकीकत इंग्रज कंपनीच्या चाकरीतील डॉक्टर फ्रायरने लिहून ठेवली आहे. या हकिगतीकडे मी मौजेची म्हणून पाहत नाही. परदेशात पावसाळा काढण्याच्या दोन रीती तीत स्पष्ट दिसतात: एक आपली राहणी सोबत नेण्याची, आणि दुसरी तेथली राहणी पत्करण्याची. ऑक्झिंडेनच्या पाठीशी कंपनीची तिजोरी होती, महाराजांचे आतिथ्य होते आणि मुक्काम दोन-तीन आठवड्यांचा होता, म्हणून पहिली रीत त्यास परवडली. निकितिनला ती परवडणारी नव्हती.

रोह्याच्या पुढे वाकणकडे जाताना दोन्ही अंगांस लावणी चालली होती. एस.टी. एका ओढ्यापाशी पाणी उतरण्याची वाट पाहत थांबली, तेवढ्यात मी उतरून बांधावर गेलो. प्लास्टिकची निळी-पिवळी खोळ घेतलेल्या बायकांच्या रांगेत एका वृद्ध गृहस्थाच्या पाठीवर मात्र जुने इरले होते. ते मी हातात घेऊन नीट पाहिले. बांबूच्या बारीक कामट्यांची षट्कोनी जाळी विणून तिचे दोन थर केलेले, दोहोंच्या मध्ये पानांचे एकावर एक पदर, आणि आकार पालथ्या घातलेल्या अर्ध्या होडीसारखा, असा की डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठ झाकली जाते, पोटाकडची बाजू मोकळी राहते, आणि दोन्ही हात चिखलात रोप खोवण्यास रिकामे असतात. त्यांनी सांगितले की मेणकापडात आतून घाम सुटतो आणि दुपारपर्यंत मनुष्य बाहेरच्याइतकाच आतूनही भिजतो, इरल्यात वारा खेळतो. “आता विणणारं कोणी राहिलं नाय, दादा. हे फाटलं का मीपण निळा कागद घेणार,” असे म्हणून त्यांनी ते पुन्हा पाठीवर चढविले. छत्री या कामास निरुपयोगी आहे हे सांगावयास नको. चौलहून पायी निघालेल्या त्या घोडेवाल्याने याच खाचरांच्या कडेने चालताना हे अथवा याच्यासारखेच काही आच्छादन पाहिले असेल. भाताची पेरणी त्याने निश्चित पाहिली, कारण ज्या दिवसांत सर्वत्र पाणी आणि चिखल असतो त्याच दिवसांत हे लोक नांगरतात आणि गहू, तांदूळ, वाटाणे पेरतात, याची नोंद त्याने केली आहे. रशियात चिखलाचा काळ म्हणजे दारे लावून बसण्याचा काळ. येथे तोच कामाचा काळ, हे त्याने पहिल्याच वर्षी ओळखले.

चौल ते पाली हे अंतर त्याने आठ दिवसांचे सांगितले आहे. आज तीच मजल मोटारीने दोन-अडीच तासांची होते. घोडा बरोबर असलेल्या पादचाऱ्यास कोरड्या दिवसांत तिला चार दिवस पुष्कळ झाले असते. आठ दिवस लागले यातच मला ओढ्यांना आलेले पूर, उतार मिळेपर्यंत काठावर काढलेल्या दुपारी आणि खुरांत रुतणारी माती दिसते. पालीपासून पुढे त्यास आणखी दहा दिवस आणि मग सहा दिवस लागले, तेव्हा कोठे तो जुन्नरास पोहोचला.

पाली हे बल्लाळेश्वराचे स्थान. गावामागे सरसगड, पूर्वेस सुधागड, आणि त्यांच्या पलीकडे सह्याद्रीची भिंत. निकितिन पालीचा उल्लेख हिंदुस्थानच्या पर्वतांपाशी असलेले ठिकाण म्हणून करतो, आणि येथे उभे राहिले असता त्या वर्णनाचा यथार्थपणा पटतो, कारण किनाऱ्यापासून इतका वेळ क्षितिजावर राहिलेला डोंगर येथे एकाएकी समोर उभा ठाकतो. मी पोहोचलो त्या सायंकाळी अंबा नदी दुथडी भरून वाहत होती. देवळालगतच्या धर्मशाळेच्या ओसरीवर एक वारकरी कुटुंब घोंगड्या अंथरून बसले होते. परदेशी वाटसरूची व्यवस्था निकितिनने सांगितली आहे तीही याच प्रकारची: व्यापारी धर्मशाळेत उतरतो, तेथील स्त्रिया त्याच्यासाठी स्वयंपाक करतात आणि अंथरूण घालतात. स्वतःची शिदोरी, स्वतःची शेगडी, स्वतःचा तंबू यांवाचून तो चार महिने निभावला तो या व्यवस्थेच्या बळावर. घोड्याचेही तेच झाले. त्याच्या देशचे गवत व ओट येथे कोठून मिळणार? येथील रीतीप्रमाणे घोड्यांना हरभऱ्याच्या जातीचे कडधान्य आणि साखर-तूप घालून शिजविलेली खिचडी चारीत, आणि त्याच्या घोड्यानेही त्यावरच तग धरला असला पाहिजे. दमट हवेत अंग धरून राहण्यास हा खुराक उत्तम, असे घोड्यांच्या जाणकारांकडून मी ऐकले आहे.

जुन्नरचा पाऊस किनाऱ्याच्या मानाने निम्म्याहूनही कमी. तरीही तेथे काढलेल्या दोन महिन्यांविषयी लिहिताना, चार महिने रात्रंदिवस जिकडेतिकडे पाणी आणि चिखल, हाच त्याचा सूर आहे. आणि त्या ओल्या कैदेत त्याच्यावर सर्वांत मोठे संकट आले ते निसर्गाचे नव्हते. जुन्नरचा अधिकारी असदखान, जो बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान याच्या हाताखालचा होता, त्याने हा मनुष्य मुसलमान नसून रशियन आहे हे कळताच घोडा जप्त केला आणि फर्मावले की इस्लाम स्वीकारशील तर घोडा व वर एक हजार सुवर्णनाणी मिळतील, न स्वीकारशील तर घोडा गेलाच आणि हजार नाणी दंडही. चार दिवसांची मुदत होती. ऑगस्टातील उपवासाचे ते दिवस होते. सुदैवाने खोरासानचा महंमद नावाचा एक खजिनदार तेथे आला, त्याने रदबदली केली, आणि घोडा परत मिळाला. वाटा चिखलाने बंद असता पळून जाण्याची सोय नव्हती. जे काही घडायचे ते त्या एका गावातच. त्याच सुमारास, फिरिश्त्याच्या इतिहासानुसार, खुद्द वजीर महमूद गावानलाही कोकणच्या स्वारीत पावसापुढे थांबावे लागले आणि त्याच्या फौजेने कोल्हापुरापाशी गवताच्या झोपड्यांत पावसाळा काढला. राज्याचा वजीर आणि त्वेरचा निर्धन व्यापारी, दोघांनाही हुकूम एकाच ऋतूचा होता.

मला सर्वांत हृदयंगम वाटते ती निराळीच गोष्ट. पुस्तके लुटली गेल्यामुळे निकितिनला आपल्या धर्माच्या सणांच्या तिथी काढता येत नव्हत्या, आणि या दुःखाचा उल्लेख तो पुनःपुन्हा करतो. मग तो आकाशाकडे पाहू लागला. ईस्टरच्या सुमारास कृत्तिका आणि मृग पहाटेच्या उजेडात शिरतात आणि सप्तर्षींचे मस्तक पूर्वेकडे असते, असे त्याने लिहून ठेवले. आता आमचा शेतकरीही याच तारकांवर वर्ष मोजतो: सूर्य रोहिणीतून मृगात गेला की पेरणी, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आणि कोणत्या नक्षत्राचे वाहन काय यावर पावसाचा अंदाज. रोह्याच्या बांधावरील त्या वृद्धांनी मला “आर्द्रा कोरडी गेली, पुनर्वसूनं भरून काढलं” असे सहज सांगितले होते. ज्या मृगावर तो परदेशी आपला हरवलेला सण शोधीत होता, त्याच मृगाने भोवतालची सारी रयत आपले भात पेरीत होती. ढग दाटल्यावर दोघांनाही तो दिसेनासा झाला असणार. पण रयतेपाशी तोंडपाठ पंचांग होते, आणि त्याच्यापाशी मुसलमान शेजाऱ्यांच्या सणांवरून आपले सण अदमासाने ठरविण्यावाचून उपाय उरला नाही.

ऑगस्टच्या मध्यास, मेरीमातेच्या सणादिवशी, पाऊस पुरता सरण्यापूर्वीच तो जुन्नर सोडून बिदरच्या वाटेस लागला, आणि एक महिन्याने तेथे पोहोचला. काही वर्षांनी दाभोळच्या बंदरातून तो होर्मुजकडे परतला, इराण व काळा समुद्र ओलांडून मायदेशी गेला, पण त्वेरला पोहोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच त्याचे निधन झाले. त्याची वही व्यापाऱ्यांनी मॉस्कोला पोहोचविली, आणि एकोणिसाव्या शतकात इतिहासकार करामझिनला तिची प्रत एका मठात सापडली, म्हणून आपल्या या किनाऱ्याच्या एका पावसाळ्याची साक्ष आज उपलब्ध आहे.

ज्यांना ही वाट पाहावयाची असेल त्यांनी ती हिवाळ्यात पाहू नये. आषाढात रेवदंड्यास एक मुक्काम करावा, वाडीतल्या घरी उतरावे, रोह्यापर्यंत खाडी उजवीकडे ठेवून जावे, आणि पालीस पोहोचण्याची घाई करू नये. सुती कपडे, एक घोंगडी आणि ओढ्याकाठी थांबण्याची तयारी एवढे पुरे. रेवदंड्यात स्तंभ आहे, त्यापुढे मात्र पालीच्या गावात या पहिल्या रशियन वाटसरूचे नाव सांगणारे काही माझ्या पाहण्यात आले नाही. बल्लाळेश्वराच्या वाटेवर, धर्मशाळेच्या भिंतीला, त्याच्या त्या आठ दिवसांच्या मजलेची नोंद करणारा एक साधा दगड ग्रामस्थांनी बसवावा, अशी माझी त्यांना विनंती आहे, आणि त्या कामी वर्गणी काढली गेल्यास माझे नाव तीत प्रथम लिहावे.